खिडकीतून लिहिलेला काता

रामीबाई आडे यांना मी पहिल्यांदा बुक्का मारताना पाहिलं तेव्हा त्यांच्या मनगटापर्यंत कणीक लागलेली होती.

महागाव तालुक्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात मी सहा वर्षं गृहपाल होते. मुली साठ, स्वयंपाकाला बायका दोन: रामीबाई आणि बिजलीबाई. रामीबाई तेव्हा पंचेचाळीसच्या असतील. सातवीपर्यंत शाळा झालेली. दोन किलोमीटरवरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातून सकाळी चालत यायच्या आणि मुलींची रात्रीची जेवणं उरकली की नवरा, भावसिंग, मोटरसायकल घेऊन त्यांना न्यायला यायचा. तांड्यात त्या गोरबोलीत बोलायच्या, आमच्याकडे वऱ्हाडीत, आणि भाजीवाल्याशी भांडायचं असलं की हिंदीत.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये मुलींना स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण द्यायचं पत्र आलं. तीन महिने, आठवड्यातून दोन दिवस, संध्याकाळी पाच ते साडेसहा. कराटे शिकवायला उमरखेडहून जीवन सर यायचे. तिशीतला सडपातळ माणूस, बोलणं कमी, आवाज मात्र अंगणाच्या टोकापर्यंत पोचणारा. नाव दिलेल्या मुली एकतीस. पहिल्याच दिवशी सरांनी जोड्या करायला सांगितल्या आणि आठवीतली प्रियंका एकटी उरली. ती नुकतीच आलेली होती, कोणाशी फारशी बोलत नव्हती. हात मागे बांधून भिंतीशी उभी राहिली.

स्वयंपाकघराच्या दारातून रामीबाई बाहेर आल्या.

"मॅडम, त्या पोरीले जोडी नाई भेटली. मी उभी राहू काय?"

"आणि पोळ्या?" मी विचारलं.

"कणीक मळून ठेवली हाय. तिले अर्धा घंटा पडूच द्या लागते."

मला ते पटलं नव्हतं. स्वयंपाकाला उशीर झाला की बोलणी मलाच बसणार होती. पण सरांनी तोवर त्यांना प्रियंकाच्या समोर उभं केलं होतं. पदर कमरेला खोचून रामीबाईंनी मूठ वळली, आणि सरांनी दाखवली तशी हवेत मारली. जेवण त्या दिवशी वेळेवरच झालं, त्यामुळे मला पुढे बोलता आलं नाही.

मग प्रत्येक वर्गाला त्या रांगेत शेवटी उभ्या राहू लागल्या. अडचण एकच. मध्येच कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आणि त्यांना आत पळावं लागायचं. परत येईपर्यंत दोन गोष्टी शिकवून झालेल्या असायच्या आणि आधीच्या दोन त्या विसरलेल्या. हे त्यांनी फोनवर मुलीला सांगितलं. त्यांची मुलगी राखी नागपूरला एका दवाखान्यात नर्स आहे. सणासुदीला येते, एरवी रोज फोन करते.

"याडी, लिहून ठेव ना मग," राखी म्हणाली. "आमची ड्यूटी बदलते तेव्हा सगळं लिहून द्यावं लागते. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असं धरतात आमच्याकडं."

याडी म्हणजे आई. पुढच्या वेळी राखी आली तेव्हा तिनं आपला जुना फोन आईला दिला आणि त्यात नोंदवहीचं अ‍ॅप टाकून दिलं. तारीख आपोआप पडते, प्रत्येक गोष्टीला वेगळं पान करता येतं, आणि एखादा शब्द टाकला की तो जिथे जिथे आला असेल ती सगळी पानं समोर येतात, हे तिनं शिकवलं. रामीबाई एका बोटानं लिहायच्या. ताटं घासायला गेली की स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून पंधरा मिनिटं त्यांचं ते काम चाले.

त्यांनी मला ती वही एकदा वाचायला दिली. जपानी नावं त्यांच्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून त्यांनी आपल्या परीनं लिहिलं होतं.

"बुक्का मारताना दुसरा हात कमरेकडे ओढायचा. ताक घुसळतो तशी दोरी. एक हात जाते, एक येते."

"जोर खांद्यातून नाई, कमरेतून. पाट्यावर मिरची वाटतो तसा."

"लाथ मारली की पाय तिथं ठेवायचा नाई. तव्याले बोट लागल्यावर जेवढ्या लवकर काढतो तेवढ्या लवकर मागं."

जीवन सरांना मी त्यातल्या दोन-तीन नोंदी वाचून दाखवल्या. त्यांनी त्या पुन्हा वाचायला लावल्या. मग पुढच्या वर्गात त्यांनी मुलींना सांगितलं, "ताक घुसळताना पाहिलं आहे ना? तसे हात." त्या दिवशी पहिल्यांदा एकतीसच्या एकतीस मुलींचे मागचे हात बरोबर कमरेला लागले.

पुढे रामीबाईंनी प्रत्येक मुलीचं पान केलं. कोण लवकर दमते, कोणाचा तोल जातो, कोण मारताना डोळे मिटते. प्रियंकाच्या पानावर लिहिलं होतं, "डावा पाय कच्चा. दोन्ही पायांवर भार टाकाले सांगणे. रागावणे नाई." मुली जेवायला येता-येता विचारायच्या, "मावशी, माझं पान काढा ना." मग ताटात भाजी वाढता वाढता त्यांना त्यांचं सांगितलं जाई.

भावसिंगला हे सगळं अजब वाटायचं. एकदा माझ्यासमोरच तो त्यांना म्हणाला, "या वयात कायले लाथा मारून राह्यली?"

"तुमाले लागत नाई तोवर इचारू नका," रामीबाई म्हणाल्या आणि मोटरसायकलवर बसल्या.

तीन महिन्यांच्या शेवटच्या दोन आठवड्यांत सरांनी दुसरा काता शिकवायला घेतला. काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली. अडवणं, मारणं, वळणं, पुन्हा अडवणं. या कात्यात अशा एकवीस होत्या. पहिला काता मुलींना चांगला बसला होता. दुसरा आला की पुढच्या पट्ट्याची परीक्षा देता येणार होती आणि ती जानेवारीत उमरखेडला होती.

नेमक्या त्याच दोन आठवड्यांत बिजलीबाई भावाच्या आजारपणासाठी गावी गेल्या. साठ जणींचा स्वयंपाक एकट्या रामीबाईंवर आला. अंगणात जाणं शक्य नव्हतं. मग त्यांनी शेगडी खिडकीजवळ ओढली. पोळी लाटायची, तव्यावर टाकायची, बाहेर पाहायचं, आणि पीठ पुसून एक ओळ लिहायची. सरांची पाठ खिडकीकडे असे आणि मुलींचं तोंड. चार वर्गांत त्यांनी एकवीस हालचाली लिहून काढल्या, एकही न सोडता. "पहिलं: उजवीकडे वळणे, उजव्या हातानं खाली अडवणे. दुसरं: डावा पाय पुढे, डावा बुक्का." असं शेवटपर्यंत.

मग प्रशिक्षण संपलं. सर आता नव्हते, दिवाळीची सुटी लागली, मुली आपापल्या गावी गेल्या. तीन आठवड्यांनी परत आल्या तेव्हा दुसऱ्या कात्यातली पहिली चार पावलंही कोणाला धड आठवत नव्हती.

"मावशीच्या वहीत असेल," कोणीतरी म्हणालं.

होतंच. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस रामीबाई अंगणात फोन हातात धरून उभ्या राहायच्या आणि मुली त्यांच्यासमोर रांगेत. बिजलीबाई परत आल्या होत्या, तो एक तास त्या पोळ्यांचं बघायच्या. परीक्षेसाठी बारा मुलींनी नावं दिली. तेरावं नाव मी रामीबाईंचं टाकलं. मी फॉर्म दाखवला तेव्हा त्यांनी त्यावर आपलं नाव नीट लिहिलं आहे का ते दोनदा वाचलं.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी प्रियंका रांगेतच थांबली.

"मावशी, पहिला काता डावीकडून सुरू होते. हा उजवीकडून कसा?"

"येगळा हाय ना तो."

"नाही पण सर होते तवा आपलं तोंड आधी पाण्याच्या टाकीकडं होत होतं. आता भिंतीकडं होऊन राह्यलं."

रामीबाईंनी तिला जवळ बोलावून फोन दाखवला. "हे पाह्य. त्याच दिवशी लिवलं हाय. तारीख हाय, टाइम हाय. तू सुटीत इसरली असशीन."

प्रियंकानं माझ्याकडे पाहिलं. मी व्हरांड्यात हजेरीपट घेऊन बसले होते. "लिहिलेलं आहे ना, प्रियंका," मी म्हणाले. ती परत रांगेत गेली. त्या दिवसापासून तिनं विचारलं नाही.

जानेवारीपर्यंत काता असा बसला की तेरा जणी करत असल्या तरी पाय एकाच वेळी जमिनीवर पडल्यासारखे ऐकू यायचे. दुधवाला फाटकाशी थांबून बघायचा.

परीक्षा उमरखेडच्या एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये होती. वेगवेगळ्या गावांतून आलेले चाळीस जण, सगळे पांढऱ्या कपड्यांत. आमच्या तेरा जणी मधल्या रांगांत उभ्या. परीक्षक पंजाबराव नावाचे साठीचे गृहस्थ होते, अकोल्याहून आलेले. जीवन सर बाजूच्या खुर्चीवर बसले होते. नोव्हेंबरपासून त्यांना दुसऱ्या तालुक्यात वर्ग मिळाले होते, त्यामुळे त्यांनीही मुलींना मध्यंतरी पाहिलं नव्हतं.

सुरू करायचा हुकूम झाला. सत्तावीस जण डावीकडे वळले आणि आमच्या तेरा जणी उजवीकडे.

क्षणभर मला कळलंच नाही काय झालं ते. रामीबाईंच्या समोर एक दुसऱ्या गावची मुलगी आली होती आणि दोघी एकमेकींकडे पाहत हात अडवून उभ्या होत्या. मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. पंजाबराव सरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"या तेरा जणी बाजूला या," ते म्हणाले. बाकीच्यांचा काता झाल्यावर त्यांनी आमच्या मुलींना एकट्यांना करायला सांगितलं. मुलींनी केला. एकवीसच्या एकवीस, पाय एकत्र पडत, शेवटी जिथून निघाल्या त्याच जागी परत.

"कोणी शिकवलं?"

जीवन सर उठायला लागले, पण त्याआधी रामीबाईंनी हात वर केला. "मी शिकवलं सर. वहीतून."

पंजाबराव सर त्यांच्याजवळ आले. मग म्हणाले, "बाई, यात एकही चूक नाही. पण सगळाच्या सगळा उलटा आहे. डावं ते उजवं, उजवं ते डावं. मला पास करता येणार नाही. मार्चमध्ये परत या."

बाहेर पायऱ्यांवर जीवन सरांनी फोन मागितला. नोंद वाचली, उभ्या उभ्या दोन हालचाली स्वतःच करून पाहिल्या.

"मावशी, हे तुम्ही कुठून पाहिलं?"

"खिडकीतून. तुमची पाठ होती मायाकडं."

सर पायरीवरच बसले. "मग चूक माही हाय," ते म्हणाले. "मी पोरींकडं तोंड करून उभा राहतो ना, तवा मुद्दाम उलटं करतो. त्याईनं डावीकडं वळावं म्हणून मी माह्या उजवीकडं वळतो. आरशासारखं. त्याईले समोरून बरोबर दिसते. तुमी मागून पाहिलं आन माह्यं अंग जसं फिरलं तसं लिवलं. मी कवा सांगतलंच नाई."

रामीबाईंनी मान हलवली. त्यांना समजलं होतं, पण त्यानं त्यांना काही बरं वाटलं नव्हतं.

परतीच्या एसटीत मुली आधी खिडकीबाहेर बघत होत्या, मग पोरीच त्या, गाणी म्हणायला लागल्या. रामीबाई माझ्यापुढच्या सीटवर खिडकीशी होत्या. अर्ध्या वाटेत त्या उठल्या, दांडे धरत धरत मागे गेल्या आणि प्रियंकाशेजारच्या मुलीला उठवून तिथे बसल्या. मी मागे वळले नाही, पण ऐकू येत होतं.

"तू टाकीचं सांगतलं होतं मले."

"हो."

"तुह्यं बरोबर होतं. मी वहीचं ऐकलं, तुह्यं नाई ऐकलं."

रामीबाई पुढे बोलत राहिल्या.

"मले वाटे, लिवलेलं हाय म्हंजे खरं हाय. मी लिवलं होतं ना ते, मीच. मायाच हातचं. तरी मले तसं वाटे."

"मावशी, मले पण मग तसंच वाटाले लागलं होतं," प्रियंका म्हणाली. "मी घरी करून पाहिला तर तिथं बी उजवीकडंच गेली."

काही वेळानं मी वळून पाहिलं, तर ती रामीबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती, ती थेट महागाव येईपर्यंत. मी मात्र जागी होते. व्हरांड्यात बसून, वही न उघडता, हजेरीपटावरून मान वर करून मीही तेच म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी प्रियंकाला ऑफिसात बोलावून मी तिला तसं सांगितलं. तिला फार संकोच झाला. "ठीक आहे मॅडम" म्हणून ती पळाली.

रामीबाईंना ती सगळी वहीच काढून टाकायची होती. राखीनं फोनवरून थांबवलं. "शब्द बदलायची सोय आहे त्यात. डावा टाक, त्याच्या जागी उजवा टाक, एका झटक्यात सगळीकडं बदलते." रामीबाईंनी दुपारी ओट्याशी बसून तसं केलं. आणि पाहतात तर सगळ्या पानभर उजवाच. आधीचे उजवे होते ते होतेच, डावेही उजवे झाले. एकवीस हालचालींत एक डावा हात उरला नव्हता. मागे कसं जायचं ते दोघींनाही सापडेना. त्या फोन घेऊन माझ्याकडे आल्या, मला दाखवला, आणि परीक्षेनंतर पहिल्यांदा हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"आता ह्या कात्यात माणसाले एकच पाय राह्यला, मॅडम."

म्हणून मग नव्यानं लिहायचं ठरलं. रविवारी दुपारी बारा मुली अंगणात आल्या. जीवन सरही उमरखेडहून आले, स्वतःहून. या वेळी ते मुलींकडे पाठ करून, त्यांच्याच दिशेला तोंड करून उभे राहिले. एक हालचाल झाली की सगळ्या थांबायच्या, प्रियंका मोठ्यानं सांगायची, रामीबाई लिहायच्या, मग प्रियंका ते वाचायची आणि दुसरी मुलगी वाचल्याप्रमाणे करून बघायची. एकवीस हालचालींना साडेतीन तास लागले. त्या दिवसापासून रामीबाईंच्या प्रत्येक नोंदीखाली दोन ओळी जास्त असतात. "कुठून पाहिलं" आणि "कोणी करून पाहिलं".

कागद सुधारला तरी अंग सुधरायला वेळ लागला. अडीच महिने एका बाजूला वळलेली कंबर सहजासहजी ऐकत नाही. मुली डावीकडे वळायच्या आणि पाचव्या पावलाला कोणीतरी हमखास भिंतीकडे जायची. सगळ्यात जड गेलं ते रामीबाईंना. त्या ज्वारी निवडताना, रांगोळी काढताना, पाण्याचा नळ बंद करताना स्वतःशी डावं-उजवं म्हणायच्या. गुडघाही दुखायला लागला. त्यांनी वहीत 'गुडघा' शब्द टाकून सगळी पानं काढली आणि त्यांना दिसलं की दुखलेला प्रत्येक दिवस सिमेंटच्या व्हरांड्यात सराव केल्याच्या दुसऱ्या दिवशीचा आहे. मग सराव पुन्हा अंगणातल्या मातीत आणला. मुलींच्याही तक्रारी कमी झाल्या.

मार्चमध्ये आम्ही परत उमरखेडला गेलो. अकरा मुली पास झाल्या. एकीला ताप होता, ती आलीच नव्हती. प्रियंकाचा डावा पाय त्या दिवशी खिळ्यासारखा रुतला होता, असं पंजाबराव सर स्वतः म्हणाले.

रामीबाई अठराव्या हालचालीपर्यंत बरोबर होत्या. तिथे एक वळण आहे. त्या उजवीकडे गेल्या, त्यांच्या लक्षात आलं, त्या थांबल्या. परीक्षकांनी खूण केली, पुढे चालू ठेवा. पण त्या तशाच उभ्या राहिल्या, वाकून नमस्कार केला आणि बाजूला झाल्या.

"चालू ठेवायचं होतं ना," मी नंतर म्हणाले.

"चुकीचं पुरं कायले करायचं? पाह्यलं मी एकडाव ते करून."

पट्टा त्यांना पुढच्या वर्षी मिळाला, तिसऱ्या खेपेला. भावसिंग तेव्हा परीक्षेला आला होता. तो हॉलच्या दाराशी उभा राहून सगळं बघत होता आणि काता संपल्यावर त्यानं शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं की ती मधली आमच्या घरची आहे.

माझी बदली बाभुळगावला झाली त्याला आता दोन वर्षं झाली. प्रियंका यवतमाळला अकरावीत आहे, तिथल्या एका वर्गात लहान मुलींना शिकवते. रामीबाई अजून त्याच स्वयंपाकघरात आहेत. नव्या गृहपालांनी त्यांना संध्याकाळचा एक तास रीतसर मोकळा करून दिला आहे, आणि नवीन मुली आल्या की पहिले चार महिने त्याच शिकवतात. दर रविवारी त्या तांड्यातल्या बायकांनाही समाजमंदिरासमोर जमवतात. सात-आठ जणी येतात. साडी नेसूनच.

कधी कधी त्या मला वहीतलं एखादं पान पाठवतात. मागच्या आठवड्यात आलेलं असं होतं: "आज तांड्यात धनसिंगच्या आईनं पहिल्यांदा ओरडून बुक्का मारला. वय पासष्ट. आवाज लय मोठा. कुत्रे पळाले. कुठून पाहिलं: समोरून. कोणी करून पाहिलं: तिनं तीनदा, मग आम्ही सगळ्यांनी."